औषध पचवणारा क्रायसोपा हापूसच्या बागेत किती टिकेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यात सड्यावर दीडशे हापूसची कलमं, मोहोर फुटला की फुलकिडे, गेल्या हंगामात सात वेळा औषध मारलं तरी कणी (नुकती धरलेली बारीक फळं) खरडली गेली, आणि आता कुणीतरी सांगितलंय की औषधाने न मरणारा क्रायसोपा (ज्याची अळी किडी खाते तो जाळीपंखी मित्रकीटक) मिळतो. तर तो सोडून फवारणी पण चालू ठेवली तर चालेल का, आणि अंडी किती मागवायची?

मी बावीस वर्षं मित्रकीटक वाढवतोय, आधी दुसऱ्याच्या लॅबमध्ये आणि नंतर रत्नागिरीजवळ घरच्याच पडवीत, त्यामुळे हा प्रश्न दर ऑक्टोबरला कुणी ना कुणी विचारतंच. तुम्ही ऐकलंय त्यात खरं काहीतरी आहे, पण ज्याने सांगितलं त्याने अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं कळलं नाही तर पैसे पण जातील आणि किडे पण, म्हणून जरा लांबण लावतोय, वाचा.

आधी खरं काय ते. क्रायसोपाची अळी पायरेथ्रॉइड गटातली औषधं बऱ्यापैकी पचवते, आणि ही ताकद तिला कुणी लॅबमध्ये दिलेली नाही, ती मुळातच आहे. तिच्या शरीरात एस्टरेज नावाची एन्झाइम भरपूर असतात. डेल्टामेथ्रीन घ्या, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन घ्या, या रेणूंमध्ये एक एस्टरचा जोड असतो आणि हे एन्झाइम कात्रीसारखं नेमकं तिथेच कापतं, मग औषध मज्जातंतूपर्यंत पोचायच्या आत त्याचे दोन निरुपयोगी तुकडे होतात. हे 1980 च्या आसपासच प्रयोगशाळेत दाखवलं गेलंय. शिवाय भारतात आणि पाकिस्तानात कापसाच्या पट्ट्यातून, जिथे वर्षानुवर्षं बेसुमार फवारण्या झाल्या, तिथून गोळा केलेल्या क्रायसोपात ही सहनशक्ती अजून वाढलेली सापडली, ऑर्गॅनोफॉस्फेट या दुसऱ्या गटातल्या औषधांना सुद्धा. म्हणजे मुळात असते ती सहनशक्ती आणि पिढ्यान् पिढ्या मार खाऊन जे उरले त्यांच्यात वाढत जाते ती प्रतिकारशक्ती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकणारे दोन्हीला एकच नाव देतात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

आता तुमच्या फवारणीच्या वहीकडे या. आपल्याकडे पालवीवर आणि मोहोर फुटताना बहुतेक जण पायरेथ्रॉइड मारतात, तिथपर्यंत क्रायसोपाची कात्री चालते. त्याच्यानंतर तुडतुड्यासाठी इमिडाक्लोप्रिड, मग थायमेथोक्झाम, हा नेहमीचा क्रम. ही निओनिकोटिनॉइड गटातली औषधं, यांच्या रेणूत तो एस्टरचा जोडच नाही, मज्जातंतूवर मारायची जागा पण वेगळी. मग कात्री असून उपयोग काय? दुकानदार म्हणाला "औषध पचवतो" तर त्याला पुढचा प्रश्न विचारायचा, कुठलं औषध, आणि किड्याची कुठली अवस्था. या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय "टॉलरंट" या शब्दाला काहीच अर्थ नाही. अळी पचवते म्हणून प्रौढ पण पचवेल असं धरून चालू नका, तो बराच नाजूक असतो.

अजून एक गोष्ट जी फार कमी लोक सांगतात. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीनचं तयार मिश्रण मिळतं ना, ते का चांगलं लागतं माहितीये? प्रोफेनोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट, ते एस्टरेजला जाऊन चिकटतं आणि कात्री बंद पाडतं, मग सायपरमेथ्रीनला मोकळं रान. किडीसाठी ही युक्ती आहे, पण क्रायसोपाची अळी ज्या एकाच जोरावर उभी असते तो जोर पण त्याच फवाऱ्यात जातो. त्यामुळे "मी तर पायरेथ्रॉइडच मारतो, ते चालतं" असं म्हणणाऱ्याने डब्यावरचं बारीक अक्षर वाचावं, दोन नावं असतील तर हिशोब बदलला. पंपात आपण घरी जे एकत्र करतो, भुरीचं, तुडतुड्याचं, वर टॉनिक, त्याचं तर विचारूच नका, तसलं मिश्रण मित्रकीटकावर कुणी तपासलेलंच नसतं.

तुम्ही हेही विचारलंय की किडी एवढ्या लवकर निब्बर होतात आणि मित्रकीटक का नाही. याचा मी खूप वर्षं विचार केलाय आणि मला पटलेलं उत्तर असं. फुलकिड्यात, आपल्या आंब्यावरच्या सिरटोथ्रिप्स डोर्सालिसमध्ये, नर हे फलन न झालेल्या अंड्यातून होतात, त्यांच्यात गुणसूत्रांचा एकच संच. म्हणजे प्रतिकाराचं जनुक नरात आलं की झाकायला दुसरी प्रत नसते, ते लगेच उघडं पडतं, ज्याच्याकडे आहे तो जगतो, नाही तो मरतो, आणि पिढी दोन-तीन आठवड्यांत उलटते. मोहोर ते कैरी एवढ्या काळात किती पिढ्या होतात तुम्हीच मोजा. झाडाचा रस खाणाऱ्या किडीला झाडातली विषारी द्रव्यं पचवायची जुनी सवय असते असंही काही शास्त्रज्ञ म्हणतात, त्यात तथ्य असावं.

परभक्ष्याचं, म्हणजे किडी खाणाऱ्या मित्रकीटकाचं, उलटं. औषधातून दहा अळ्या समजा जगल्या, तरी दुसऱ्या दिवशी त्यांना खायला काय? तुडतुडे मेलेले, मावा मेलेला, झाड साफ. म्हणजे औषधाने नाही मेल्या तर उपासमारीने मरतात, किंवा एकमेकींना खातात (क्रायसोपाच्या अळ्या हे हमखास करतात, म्हणून तर लॅबमध्ये एकेकीला वेगळ्या खणात ठेवावं लागतं), आणि प्रौढ असतील तर उडून शेजारच्या बागेत जातात. किडीतले जगलेले मात्र भरल्या ताटावर बसलेले असतात. सहनशक्तीचं जनुक असलेली ती दहा अळी पुढची पिढी घालेपर्यंत टिकतच नाही, तर प्रतिकारशक्ती साठणार कुठे? शिवाय परभक्ष्याला औषध दोन वाटांनी मिळतं, एकदा पानावरून चालताना आणि एकदा विष प्यायलेली किड खाताना.

त्यातली एक वाट मला 2019 पर्यंत नीट माहीत नव्हती. त्या वर्षी स्पेनमधलं काम प्रसिद्ध झालं, लिंबूवर्गीय झाडांना निओनिक (तेच निओनिकोटिनॉइड) दिलं, पिठ्या ढेकणाने त्यातला रस प्यायला आणि जो गोड चिकटा बाहेर टाकला त्यात औषध होतं, तो चिकटा खाऊन परभक्षी माशी आणि परोपजीवी गांधील मेली. आता आपल्या मोहोरावर तुडतुड्याचा चिकटा केवढा असतो ते तुम्हाला सांगायला नको, पानं चकचकतात, मग त्यावर काळी बुरशी येते. क्रायसोपाचा प्रौढ किडी खात नाही, तो परागकण, मध आणि हाच चिकटा खाऊन जगतो. म्हणजे अळीला लाख सहन होऊ दे, तिच्या आईची पंगत विषारी असेल तर अंडी घालणार कोण?

आता "लॅबमध्ये तयार केलेली सहनशील जात" याबद्दल. हे खोटं नाही, जगात झालंय आणि आपल्याकडे पण झालंय. कॅलिफोर्नियात मार्जोरी हॉय या बाईंनी 1980 च्या दशकात परभक्षी कोळ्यांची अशी जात निवडून काढली जी कार्बारिलसारखं औषध सहन करायची, बदामाच्या बागांत सोडली, तिथे ती स्थिरावली आणि लाल कोळीच्या औषधाचा खर्च उतरला. मला या कामाबद्दल फार आदर आहे. पण ते का जमलं ते बघा. तो कोळी म्हणजे टिंबाएवढा आठ पायांचा जीव, त्याला पंख नाहीत, पिढी लवकर होते, फार लांब जात नाही, सोडला की त्याच बागेत त्याच्यासारख्यांशीच जुगतो. आपल्या क्रायसोपाला चार पंख आहेत. तुम्ही सहनशील जात सोडलीत, तिचे प्रौढ झाले, ते संध्याकाळी उडाले आणि सड्यावरच्या करवंदीच्या जाळीतल्या रानटी नर-मादीशी जुगले, तर पोरांमध्ये सहनशक्ती अर्धीमुर्धी, नातवंडांत अजून पातळ. सगळी बाग आणि आजूबाजूच्या चार बागा तेच औषध मारत असतील तरच ते जनुक टिकायला काही कारण आहे, आणि तसं असावं अशी इच्छा आपण कशाला करायची?

आपल्याकडचं उदाहरण अजून बोलकं आहे. बंगळूरच्या जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालयाने (आता तिला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो म्हणतात) ट्रायकोग्रामा किलोनिसची एंडोसल्फान सहन करणारी जात तयार केली, एंडोग्राम नावाने ती बाजारात पण आली. ट्रायकोग्रामा हा परभक्षी नव्हे, दुसऱ्याच्या अंड्यात अंडी घालणारा परोपजीवी, पण मुद्दा तोच. कित्येक पिढ्या औषधाला घालून, जगलेले निवडून, परत घालून, अशी चिकाटीने ती जात झाली. मग मे 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली, केरळमधल्या कासरगोडच्या काजू बागांच्या आसपास माणसांचे जे हाल झाले ते बघता ती यायलाच हवी होती. पण ज्या औषधासाठी तो जीव घडवला ते औषधच गेलं. जात घडवायला वर्षं लागतात आणि दुकानातलं औषध दर दोन-तीन हंगामांनी बदलतं, हे दोन वेग जुळत नाहीत. आणि समजा जुळले, तरी लॅबमध्ये दर काही पिढ्यांनी परत औषधाला घालून निवड करावी लागते, ती थांबली की सहनशक्ती ओसरायला लागते. ज्यांच्याकडून अंडी घ्याल त्यांना हे जरूर विचारा, शेवटची निवड कधी केली आणि कुठल्या औषधावर. सांगता आलं नाही तर ती साधी अंडी समजायची.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती अजून मनातून जात नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका चिकूच्या बागेत पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलेमस सोडले होते. हा मूळ ऑस्ट्रेलियाचा भुंगेरा, 1898 साली भारतात आणला गेला, पिठ्याचा कर्दनकाळ. शेजारच्या आंब्याला तुडतुड्यासाठी बुप्रोफेझीन मारायचं होतं, मी लॅबमध्ये आधी तपासलं, भुंगेरे औषध मारलेल्या पानावर तीन दिवस ठेवले, एकही मेला नाही. मी खुशाल सांगितलं, मारा. पंधरवड्याने गेलो तर भुंगेरे हिंडतायत, छान तुकतुकीत, आणि पिठ्या मात्र वाढलेला. पानं उलटून उलटून बघितली, अळी एक नाही. बुप्रोफेझीन कात टाकण्यात अडथळा आणतं, प्रौढाला कात टाकायचीच नसते म्हणून तो मरत नाही, पण अळ्या मरतात आणि पुढची पिढी तिथेच थांबते. मी तीन दिवसांत मेलेले मोजले आणि त्यालाच सुरक्षित म्हटलं. त्या बागायतदाराचं जे नुकसान झालं ते माझ्या शब्दावर झालं. तेव्हापासून मी प्रौढ जिवंत दिसला म्हणून औषध सौम्य असं कधी म्हणत नाही, अंडी, अळी, कोष आणि परत अंडी, एवढं फिरलं तरच.

त्याच बागेत दुसरी गोष्ट, हसू नका, क्रिप्टोलेमसची अळी हुबेहूब पिठ्यासारखीच दिसते, पांढरी, कापूस लागलेली, फक्त आकाराने मोठी आणि चपळ. बागेतला गडी मला म्हणाला, "काकानू, ह्यो पिठ्यो चलता बघा." आधीच्या वर्षी त्याने अशा चालणाऱ्या पिठ्या चिरडून टाकल्या होत्या. बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा आधी तुमच्या माणसांना दाखवा कोण कोण आहे ते.

तर मग तुम्ही काय करायचं. मी तुमच्या जागी असतो तर कुठल्याही छापील तक्त्यापेक्षा बरणीची परीक्षा केली असती. दोन स्वच्छ काचेच्या बरण्या, तोंडाला मलमलचं फडकं. एकीत फवारलेल्या कलमाची पानं, दुसरीत कधीच न फवारलेल्या झाडाची, परड्यातल्या रायवळाची चालतील. प्रत्येकीत क्रायसोपाच्या दोन-तीन दिवसांच्या वीस अळ्या सोडायच्या आणि खायला तांदळातल्या पतंगाची, म्हणजे कोर्सिराची, अंडी भरपूर टाकायची, नाहीतर त्या एकमेकींना खातील आणि तुम्हाला वाटेल औषधाने मेल्या. पानं चुरगळून मध्ये घाला, लपायला जागा मिळते. सावलीत ठेवा. चोवीस तासांनी आणि अठ्ठेचाळीस तासांनी मोजा, मऊ ब्रशने हलवून बघा, जी हलत नाही ती मेली धरा.

हिशोब असा. समजा न फवारलेल्या बरणीत दोन मेल्या, अठरा उरल्या, आणि फवारलेल्या बरणीत अकरा मेल्या, नऊ उरल्या. मग अठरातून नऊ गेल्या, म्हणजे औषधामुळे 50 टक्के मेल्या, अकरा भागिले वीस करून 55 नव्हे. हे अॅबटचं सूत्र, 1925 पासून वापरात आहे. न फवारलेल्यातच चार-पाच मेल्या तर परीक्षाच बाद, परत करा. जैविक नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रतवारीत लॅबमध्ये 30 टक्क्यांच्या आत मेले तर निर्धोक आणि 99 च्या वर तर घातक धरतात. फवारणीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी अशी पानं आणून परत परत केलंत की तुमच्याच बागेत, तुमच्याच मात्रेला, किती दिवसांनी सोडलं तर जगतील ते कळतं. किती दिवस थांबायचं ते पुस्तकातून घेऊ नका, आपल्याकडचं ऊन, दव, खाऱ्या वाऱ्यात पानावर औषध किती टिकतं ते सड्यावर वेगळं आणि खाली वहाळाकाठी वेगळं. मात्र बुप्रोफेझीनसारखी किंवा पायरीप्रॉक्सीफेनसारखी वाढ रोखणारी औषधं या परीक्षेत पकडली जात नाहीत हे माझ्या चुकीवरून लक्षात आलंच असेल, तिथे अळी कात टाकून कोषात जाते का इथपर्यंत थांबायला हवं.

सोडायचं असेल तर मोहोरात फुलकिडे भरल्यावर सोडून उपयोग नाही, तेव्हा उशीर झालेला असतो आणि तेव्हाच तुमचा हात औषधाकडे जाणार, जायलाच हवा, मी तुम्हाला पीक सोडून द्या असं सांगणार नाही. पालवीवर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, संध्याकाळी सोडा. अंड्यांच्या कार्डापेक्षा अळ्या सोडलेल्या बऱ्या, कारण अंडी मुंग्या नेतात. ज्या कलमावर हुमल्यांची घरटी आहेत तिथे तर सोडूच नका, ते अळी जगू देणार नाहीत.

हुमल्यांचं निघालं म्हणून सांगतो, त्यांची मला फार काळजी वाटते. पानं शिवून घर करणारे हे लाल डोंगळे म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा सगळ्यात जुना राखणदार, चीनमध्ये संत्र्या-मोसंबीच्या झाडांवर यांची घरटी आणून बांधायचे याला सतराशे वर्षं झाली. काजूवर ढेकण्या येतो तो कोवळी पालवी आणि मोहोर जाळतो, त्याच्यावर हुमले तुटून पडतात, ऑस्ट्रेलियातल्या काजू बागांत यावर चांगलं काम झालंय. पण यांना पायरेथ्रॉइडची जरा पण सहनशक्ती नाही, एका फवाऱ्यात फांद्यांवरून पाऊस पडल्यासारखे पडतात, आणि एक वसाहत अनेक झाडांवर पसरलेली असते, राणी मात्र एकाच घरट्यात. नेमकं ते झाड फवारलं की सगळी वसाहत हळूहळू संपते. आपण झेल्याने आंबा काढताना चावतात म्हणून घरटी जाळतो, ते मला समजतं, चावा खाल्लाय मी पण. पण काजूच्या बांधावरची तरी ठेवा. ते पिठ्याला आणि तुडतुड्याला चिकट्यासाठी सांभाळतात हा त्यांचा दोष खरा, म्हणून हापूसवर नकोत असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही.

आणि माडांकडे बघा. रुगोज पांढरी माशी 2016 मध्ये पोल्लाचीकडे पहिल्यांदा दिसली आणि मग आपल्याकडे पण आली, झावळ्या काळ्या पडल्या, लोक घाबरले, काहींनी एवढ्या उंचीवर पंप लावून औषधं मारली. नारळ संशोधनवाले सुरुवातीपासून सांगत होते की मारू नका, तिच्यामागून एन्कार्शिया ग्वाडेलूपी नावाची बारीक गांधील आपोआप आलीय, शिवाय जाळीपंखी किडे पण तुटून पडतायत. ज्यांनी धीर धरला त्यांच्या वाडीत माशीच्या पिलांवर काळी पडलेली, भोक पडलेली कवचं दिसायला लागली. तिथे कुणालाच औषध सहन करायची गरज पडली नाही.

म्हणून तुमच्या दीडशे कलमांत या वर्षी मी काहीच मागवू नका म्हणेन. बागेची वाऱ्याच्या वरच्या अंगाची, रानाला लागून असलेली दहा-पंधरा कलमं बाजूला काढा, त्यांना निओनिक आणि मिश्रणं अजिबात नको, अगदीच लागलं तर फुलकिड्यासाठी स्पिनोसॅड, ते क्रायसोपाला आणि ढालकिड्यांना (क्रिप्टोलेमससारख्या भुंगेऱ्यांना) त्या मानाने सौम्य आहे, फक्त मधमाश्या आणि परोपजीवी गांधील यांना चालत नाही म्हणून संध्याकाळी उशिरा. लेबलवर आंबा आहे का आणि काढणीच्या आधी किती दिवस थांबायचं ते दापोली विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या वेळापत्रकातून घ्या, तुम्हाला तर रामेश्वरचं आंबा संशोधन उपकेंद्र हाकेच्या अंतरावर आहे, विचारायला जा. बांधाला माड असतील तर ते राहू द्या, त्यांना बाराही महिने पोय (फुलोरा) असते, माझ्या परड्यात प्रौढ क्रायसोपा मला सगळ्यात जास्त तिथेच सापडतात.

आणि दर रविवारी सकाळी भिंग घेऊन त्या दहा-पंधरा कलमांची आणि बाकीच्यांतल्या दहा-पंधरांची कोवळी पानं उलटून बघा. केसासारख्या बारीक देठावर उभं राहिलेलं फिकट हिरवं अंडं दिसलं की ते रानातल्या क्रायसोपाने घातलेलं, फुकट. किती दिसली ते आणि त्या कलमाला शेवटचं काय आणि कधी मारलं होतं ते एकाच ओळीत लिहा, औषधाचं नाव डब्यावरून उतरवून. फेब्रुवारीत ती वही घेऊन या, मग अंडी मागवायची की नाही आणि कुठल्या फवारणीनंतर सोडायची ते आपण बसून ठरवू.